शनिवारचा कप्पा

घाबरू नका मित्रांनो, फडताळातून मीच बोलते आहे. मी एक जुनी, सात कप्प्यांची, गोळ्यांची डबी. तुम्हाला घाबरू नका म्हणते खरी, पण आमच्या या दोन खोल्यांत सगळ्यांत भित्री कोण असेल तर ती मीच. फडताळाचं दार करकरलं तरी माझ्या साती झाकणांना कापरं भरतं. मी जन्मात जेवढी घाबरले तेवढी एखादी बशीसुद्धा घाबरली नसेल, आणि बशीचा तर सगळा जन्म काठावरच जातो.

माझा जन्म प्लॅस्टिकच्या कारखान्यात झाला. वितळलेला निळा रस साच्यात ओतला आणि वरून असा दाब आला, की जन्माला येण्याआधीच मी संपते की काय असं वाटलं. गार झाल्यावर एका बाईने माझी सगळी झाकणं उघडून-मिटून पाहिली आणि प्रत्येकावर एकेका वाराचं नाव छापलं. मग खोक्यातला अंधार, ट्रकचे हादरे आणि शेवटी औषधांच्या दुकानातली काचेची फळी. तिथे माझ्या शेजारी थर्मामीटर होते. ते स्वतःला फार हुशार समजत. मी आपली अंग चोरून बसलेली असे.

एके दिवशी ताई दुकानात आली. ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काजे करते. दिवसभर काजे करून तिची नजर इतकी बारीक झाली आहे, की झाकणाची कड जराशी वाकडी असली तरी तिला दिसते. तिने मला उलटसुलट करून पाहिलं आणि दुकानदाराला विचारलं, "झाकणं घट्ट लागतात ना हो? आमच्या बबड्याचा हात फार राकट आहे. दोन दिवसांत वाट लावेल हिची."

बबड्या म्हणजे चार वर्षांचं एखादं द्वाड पोर असेल अशी माझी समजूत झाली. मी मनातून हादरले. घरी जाऊन पाहते तर काय, टक्कल पडलेला, गालाला ग्रीस लागलेला, दारातून वाकून आत येणारा एक आडदांड माणूस! हा ताईचा धाकटा भाऊ. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बाहेर सगळे त्याला मिस्त्री म्हणत. घरी मात्र तो बबड्याच होता, आणि ताईसमोर वागायचाही तसाच.

गंमत म्हणजे ताईला लिफ्टची भयंकर भीती. कितीही मजले असोत, ती जिन्यानेच जाणार. मिस्त्री तिला चिडवायचा. "अगं, लिफ्ट तुझा भाऊ दुरुस्त करतो, तरी बसत नाहीस?" त्यावर ताई म्हणायची, "तू करतोस म्हणून तर बसत नाही." मग दोघं खो खो हसत. ते हसू ऐकलं की माझ्यासारख्या भित्रीलाही जरा धीर यायचा.

मित्रांनो, मिस्त्रीला मनाचा आजार होता. कुणी बोलत नसताना त्याला बोलणं ऐकू यायचं. भिंतीपलीकडे माणसं जमली आहेत, ती आपल्याबद्दलच काहीतरी ठरवत आहेत, असं त्याला वाटायचं. आपल्याला त्याचं हसू येईल, पण त्याच्यापुरतं ते अगदी खरं असे. यात त्याचा काही दोष नव्हता. ताप जसा कुणालाही येतो तसा हाही आजार येतो. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि ते आवाज हळूहळू लांब गेले. पण गोळी रोज घ्यायची होती. एवढ्यासाठी माझी नेमणूक झाली.

ते माझे सुखाचे दिवस. रविवारी सकाळी ताई स्वच्छ फडकं अंथरायची, चष्मा पुसायची आणि माझा एकेक कप्पा भरायची. संध्याकाळी मिस्त्री हात धुऊन यायचा, त्या दिवसाचं झाकण उघडायचा, टक्! गोळी घेतली की ताईला म्हणायचा, "तुझी ही डबी म्हणजे आमच्या साहेबापेक्षा कडक आहे बघ. एक दिवस सुट्टी देत नाही." मला इतकं बरं वाटायचं! एवढासा निळा प्लॅस्टिकचा जीव, पण एका आडदांड माणसाची झोप माझ्या भरवशावर होती.

आता जे घडलं ते नीट ऐका. त्यात कुणाचा हलगर्जीपणा नव्हता, म्हणून तर त्याची मला अजून भीती वाटते.

गोळ्या देताना डॉक्टर घाईघाईत म्हणाले होते, "यावर दारू चालणार नाही." एवढंच. तुम्ही पिता का, कधी पिता, किती पिता, असं कुणीच विचारलं नाही. बाहेर रांग मोठी होती. मिस्त्री दर शनिवारी कामावरच्या मंडळींबरोबर प्यायला बसायचा, आणि ताईला ते ठाऊक होतं. घरी आल्यावर दोघांनी त्या वाक्यावर पुष्कळ डोकं चालवलं. शेवटी ताईने निकाल दिला. "म्हणजे गोळी आणि दारू एका दिवशी पोटात जाता कामा नये. ज्या दिवशी तू बसणार, त्या दिवशी गोळी नाही." मिस्त्रीलाही ते पटलं. पुढच्या रविवारी ताईने माझे सहा कप्पे भरले आणि शनिवारचा रिकामा ठेवला. अगदी आठवणीने, जबाबदारीने.

दवाखान्यात कुणी विचारलं की ती छातीठोकपणे सांगायची, "गोळ्या अगदी वेळच्या वेळी. मी स्वतः भरते." आणि तिच्या दृष्टीने ते खरंच होतं.

माझा शनिवारचा कप्पा तर फुगूनच बसला. आपल्याला हक्काची सुट्टी मिळाली म्हणून तो बाकीच्यांना वाकुल्या दाखवायचा. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मी डबी. मला मोजायला येतं, औषधातलं काय कळणार?

मग एका बुधवारी मिस्त्रीच्या कामावरचं कुणीतरी निवृत्त झालं. तो सकाळीच म्हणाला, "ताई, आजची गोळी काढून ठेव गं. संध्याकाळी जरा बसायचंय." ताईने लगेच काढून ठेवली. नंतर एकदा शुक्रवारची काढली. पुढे कधी सोमवारची. गोळी चुकली की आवाज थोडे जवळ यायचे. आवाज जवळ आले की मिस्त्रीला प्यावंसं वाटायचं, कारण प्यायल्यावर ते घटकाभर गप्प बसत. आणि प्यायचं म्हटलं की त्या दिवशीची गोळी बंद. हे चक्र माझ्या ध्यानात येऊ लागलं तशी माझी पाचावर धारण बसली. मला ओरडून सांगायचं होतं. पण डबीला टक् करण्यापलीकडे काय येतं?

आधी घरातलं हसू गेलं. मग मिस्त्री जेवताना मध्येच थांबून भिंतीकडे पाहू लागला. रेडिओ त्याने कपाटात, चादरीत गुंडाळून ठेवला. ताई जास्तच काळजी घेऊ लागली, म्हणजे जास्तच जपून माझे कप्पे रिकामे ठेवू लागली. तिच्या बोटांतली भीती मला झाकणावर कळायची.

रिकाम्या डबीला मान नसतो. एकदा मिस्त्रीला लिफ्टच्या बटणांच्या पट्टीचे बारीक स्क्रू ठेवायला काही सापडेना. त्याने ते माझ्या शनिवारच्या कप्प्यात टाकले आणि मला हत्यारांच्या पिशवीत टाकलं. तेव्हापासून मी पाने आणि पक्कड यांच्या शेजारी राहू लागले. एका बाजूला उरलेल्या दोन-तीन गोळ्या, दुसऱ्या बाजूला स्क्रू. कुठे ते स्वच्छ फडकं आणि कुठे हे ग्रीस! पण वाईट वाटायलाही मला फुरसत नव्हती. मी जीव मुठीत धरून बसले होते.

आणि तो दिवस उजाडला. भर दुपारची वेळ होती. एका उंच कचेरीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. आत कुणी नव्हतं. मिस्त्री वरच्या मजल्याचं दार उघडून लिफ्टच्या टपावर उतरला आणि पिशवी बाजूच्या आकड्याला अडकवली. त्याच्या तोंडाला आदल्या दिवशीच्या दारूचा वास होता. त्या आठवड्यात त्याने एकही गोळी घेतली नव्हती. त्याने मला उघडलं, स्क्रू काढायला गेला, तर हात असा कापत होता की स्क्रू निसटला. खालच्या अंधारात तो ठणठणत गेला, आणि कितीतरी वेळ त्याचा आवाज येतच राहिला.

मिस्त्री जागच्या जागी थिजला.

"कोण हसलं?" तो म्हणाला.

कुणीच हसलं नव्हतं. त्याने वर पाहिलं आणि तो किंचाळला, "दोर सोडू नका! ऐकतोय मी तुमचं सगळं!" त्याने लिफ्ट थांबवायचं बटण दाबलं आणि दोन्ही हातांनी तो पोलादी दोर कवटाळला. त्याचा एक पाय टपाच्या अगदी कडेला होता. कडेपलीकडे भिंतीपर्यंत मोकळी फट होती, आणि फटीत नुसता अंधार. मला वाटलं, आता संपलं. तोही संपला आणि मीही.

त्याच्याबरोबर कामाला आलेल्या जोडीदाराने धावत जाऊन वीज तोडली. इतर माणसं दारातून हाका मारू लागली. ज्याने त्याने हाक मारावी आणि मिस्त्री आणखी कडेला सरकावा, असं चाललं होतं. शेवटी कुणीतरी ताईला फोन केला.

ताई आली तेव्हा तिच्या कपड्यांना दोऱ्याचे तुकडे चिकटले होते. सगळे मजले जिन्याने चढून तिला धाप लागली होती. ती उघड्या दाराशी गुडघ्यांवर बसली. "बबड्या, मी आलेय रे."

"तू ताई नाहीस," मिस्त्री दोर न सोडता म्हणाला. "तू तिचा आवाज काढतेस. ताई लिफ्टच्या इतक्या जवळ येतच नाही."

ताईचं तोंड पांढरंफटक पडलं. मग ती दाराच्या कडेला पालथी झोपली आणि तिने एक हात खाली, त्या अंधारात सोडला.

"आले ना रे आज," ती म्हणाली. "बघ, कशी कापतेय ते. मला इथून एकटीने उठता यायचं नाही. तूच ये आणि उठव मला."

मिस्त्रीने तो हात पाहिला. सुईने टोचून टोचून बोटाच्या टोकाला पडलेलं घट्ट कातडं पाहिलं. बराच वेळ गेला. मग त्याने दोरावरचा एक हात सोडला आणि ताईचा हात धरला. जोडीदाराने वरून त्याची बगल पकडली. तो वर आला आणि लहान मुलासारखा ताईच्या खांद्यावर डोकं टाकून रडला. ताईही रडली. पिशवीत मी एकटी लटकत होते, पण माझी काही तक्रार नव्हती.

तिथून त्याला थेट दवाखान्यात नेलं, आणि जोडीदाराने पिशवीही ताईच्या हातात दिली. या वेळी तिथे एक नवीन नर्सबाई होत्या. त्यांनी आधी मिस्त्रीला पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली आणि मग ताईला म्हणाल्या, "गोळ्यांची डबी आहे का बरोबर? बघू."

ताईने मला टेबलावर ठेवलं. नर्सबाईंनी एकेक झाकण उघडलं. शनिवारचं उघडताच स्क्रू टेबलावर घरंगळले. मी शरमेने मेले.

"हे कप्पे रिकामे कसे?" त्यांनी विचारलं.

"तो बसतो ना, त्या दिवशी मी गोळी ठेवतच नाही," ताई म्हणाली. "डॉक्टरांनीच सांगितलं होतं, दोन्ही एकत्र नको म्हणून. मी एकदाही चुकले नाही."

नर्सबाईंनी माझं शनिवारचं झाकण हळूच मिटलं. ताईला त्यांच्या चेहऱ्यावरूनच सगळं कळलं असावं, कारण तिने पदराने टेबलावरचे स्क्रू गोळा करायला सुरुवात केली आणि तिला ते उचलताच येईनात.

"राहू द्या ते," नर्सबाई म्हणाल्या. "तुम्हाला सांगितलं तसंच तुम्ही केलंत. आम्हीच नीट विचारलं नाही, नीट सांगितलं नाही." मग खुर्ची मिस्त्रीजवळ ओढून त्यांनी विचारलं, "मिस्त्री, मी ओरडणार नाही. प्यायल्यावर आवाजांचं काय होतं?"

"गप्प बसतात."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

मिस्त्रीने मान खाली घातली. "दुप्पट ओरडतात. कालच्याचं उट्टं काढतात."

हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं, मित्रांनो. विचारल्यावर त्याचं त्यालाच उमगलं. नर्सबाईंनी समजावलं, की या गोळीचा जोर रोज घेतल्यानेच टिकतो. दारूसाठी गोळी सोडली की दारूचा त्रास होतोच आणि आजारही मोकाट सुटतो. "आता घाबरून आजच्या आज स्वतःच्या मनाने एकदम दारू बंद करू नका," त्या म्हणाल्या. "सवय झालेल्या शरीराला ते झेपत नाही, कधी झटकेसुद्धा येतात. काही दिवस इथे राहा. डॉक्टर बघतील."

मिस्त्री राहिला. मला साबणाच्या पाण्याने धुतलं, उन्हात वाळवलं. घरी जायच्या दिवशी नर्सबाईंनी विचारलं, "पूर्ण सोडलीत तर सगळ्यांत उत्तम. पण मला खोटं वचन नको. तुम्हाला काय जमेल ते सांगा."

मिस्त्रीने डोकं खाजवलं. "मधल्या वारी अजिबात नाही. शनिवारी गेलोच, तर जेवून जाईन आणि एकावर उठेन."

"ठीक. इथून सुरुवात करू आणि दर भेटीला पुन्हा बोलू. आणि डॉक्टरांनी तुमच्या गोळ्या पाहून सांगितलंय, प्यायलात तरी या गोळ्या आपल्या मनाने चुकवायच्या नाहीत. दुसऱ्या कुणाला वेगळं सांगतील, तुमच्यासाठी हे असं. ठरल्यापेक्षा जास्त झाली तर लपवायचं नाही. आधी इथे फोन."

त्या रविवारी ताईने फडकं अंथरलं आणि शनिवारचा कप्पा भरला. भरताना ती थबकली. इतकी वर्षं तो रिकामा ठेवणं म्हणजेच काळजी घेणं, असं तिचं मन तिला सांगत आलं होतं. गोळी बोटांत धरून ती कितीतरी वेळ बसून राहिली, आणि मग डोळे मिटून तिने ती आत सोडली.

मित्रांनो, इथून पुढे सगळं सुरळीत झालं असं सांगायला मला फार आवडलं असतं. आठवड्याचे मधले दिवस निभावले. कंपनीने मिस्त्रीला तूर्त खालच्या वर्कशॉपमध्ये दारांच्या मोटरी दुरुस्त करायला बसवलं. डॉक्टर हो म्हणेपर्यंत टपावर चढायचं नाही, असं ठरलं. आवाज हळूहळू मागे हटू लागले. काही शनिवारी तो गेलाच नाही, काही शनिवारी एकावर उठून आला. पण शनिवारची संध्याकाळ झाली की ताई शिवणाचं काम घेऊन दाराशी बसायची आणि एक टाकाही धड पडायचा नाही. फडताळात मी आणि दाराशी ती. कोण जास्त घाबरलेलं आहे ते सांगणं कठीण.

मागच्या शनिवारी त्याला यायला उशीर झाला. जिन्यावर पावलं वाजली आणि ती मला आवडली नाहीत. ती जड होती, मध्ये मध्ये थांबत होती. मिस्त्री आत आला. त्याने आधी चूळ भरली, एकदा नाही, तीनदा. मग तो माझ्यासमोर उभा राहिला आणि शनिवारच्या झाकणावर बोट ठेवलं. बोट तिथेच राहिलं. ताई पाठमोरी बसली होती. तिला वास आला होता, मला ठाऊक आहे. पण ती वळली नाही. माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. आता हा गुपचूप झाकण उघडेल, गोळी खिशात टाकेल, 'घेतली गं' म्हणेल आणि झोपायला जाईल. मग उद्या आवाज येतील. मग ती फट, तो अंधार.

"ताई," मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा येत होता. "एक ठरलं होतं. तीन झाले."

ताईच्या हातातली सुई खाली पडली. ओरडावं, रडावं की दाराला कडी घालून बसावं, हे सगळं एका क्षणात तिच्या चेहऱ्यावरून गेलं. मी तिचा चेहरा एवढी वर्षं पाहत आले आहे. ती उठली. तिने दवाखान्याचा नंबर फिरवला, पलीकडून आवाज येईपर्यंत फोन घट्ट धरून ठेवला, आणि मग तो भावाच्या हातात दिला.

"तूच सांग," ती म्हणाली. "मी इथेच आहे."

त्याने सांगितलं. तीन झाले हे सांगितलं, घाबरलोय हेही सांगितलं. पलीकडच्या माणसाने काही प्रश्न विचारले, गोळीचं काय करायचं ते सांगितलं, आणि सोमवारी सकाळीच यायला सांगितलं. फोन ठेवून मिस्त्रीने माझं झाकण उघडलं. ताई त्याच्या शेजारी उभी होती. गोळी गिळल्यावरही दोघं बराच वेळ तशीच उभी राहिली.

माझी भीती अजून गेलेली नाही. ती जायचीही नाही, कारण पुढचा शनिवार येणारच आहे. पण मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्याही घरात कुणाला मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील. त्यांची डबी स्वच्छ ठेवा, तिच्यात स्क्रू टाकू नका, हे तर झालंच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांच्याशी बोला. बरं वाटतंय का, त्रास होतोय का, प्यावंसं वाटतं का, हे घरातल्या मोठ्यांना बरोबर घेऊन, रागवल्याशिवाय विचारा. मला सात तोंडं आहेत, पण या घरात एकाही तोंडातून मला विचारता आलं नाही. तुम्हाला येईल. आणि उत्तर ऐकून काळजात धस्स झालं, तरी त्या माणसाजवळून उठून जाऊ नका.